दांडा ओढताना

तो क्षेपणास्त्राच्या कारखान्यात इंधन ओतायच्या खात्यात होता. बायकोने विचारलं की खुलून सांगायचा.

"इंधन म्हणजे रबरासारखा लगदा. नळकांड्यात ओतताना मधोमध धातूचा दांडा उभा ठेवायचा. लगदा आळला की दांडा अलगद ओढून काढायचा. मागे राहते ती पोकळी. तिथून पेट घेतो आणि आतून बाहेर जळत जातो. दोन-तीन मिनिटांचा काय तो जोर! मग रिकामं नळकांडं गळून पडतं. पुढे सगळं भिरकावलेल्या दगडासारखं. हवा संपते तिथपर्यंत वर जायचं आणि आपल्याच वजनाने खाली यायचं."

"आणि ज्यांच्या डोक्यावर येतं ते?"

"ते आमच्या खात्यात येत नाही," म्हणून तो हसायचा.

सासूला सुनेचं काहीच खपत नसे. घरात पाळणा हलला नाही, म्हणून येता-जाता टोमणे. थंडी पडली तेव्हा तिने लेकासाठी स्वेटर विणला.

"आई, तिथे सुतीच कपडे लागतात," सून म्हणाली. "असल्या नायलॉनच्या लोकरीतून ठिणगी उडते."

"मला अक्कल शिकवू नकोस. माझं पोर गारठून मरू देऊ का?"

आईचं मन मोडवेना म्हणून तो डगल्याखाली स्वेटर घालून गेला.

त्याच दिवशी दांडा ओढताना आग लागली. त्याच्यासकट चौघे गेले. "उघडू नका," असं बजावून पेटी घरी आली.

मागोमाग चौकशीचा साहेब आला. "गळ्यापाशी वितळलेली लोकर सापडली. स्वेटर कुणी दिला होता?"

सासूने डोळे पुसले आणि सुनेकडे बोट केलं. "हिने. मी नको नको म्हणत होते."

साहेब मान हलवून निघून गेला. पुढे सासू आल्यागेल्याला सांगू लागली, "नवरा गिळून बसलीय." शेजारणींनी बोलणं टाकलं.

एकदा सासू दवाखान्यात गेलेली असताना खात्याचा मुकादम आला. उंबऱ्यातच उभा राहिला.

"वहिनी, स्वेटरचा काही संबंध नाही. दांडा अडकला होता. मी म्हटलं, थांबू या. आमचे साहेब म्हणाले, चाचणीची तारीख ठरलीय, लावा जोर. घासला आणि पेटलं. मी दाराबाहेर होतो म्हणून वाचलो."

"हे चौकशीत सांगाल?"

"मला दोन पोरी आहेत, वहिनी." तो पाण्यालाही थांबला नाही.

सासू परतली ती थेट स्वयंपाकघरात आली. बराच वेळ पदराशी चाळा करत राहिली. मग सुनेला पहिल्यांदाच 'बाळ' म्हणाली.

"बाळ, खरं सांग. माझ्या स्वेटरनेच गेला का गं तो?"

सुनेने पातेल्यावर झाकण ठेवलं.

"हो, आई. त्यानेच. मुकादम आत्ताच सांगून गेले. अंगाला चिकटला होता, निघेना. शेवटपर्यंत हे तुम्हालाच हाका मारत होते."

सासू भिंतीला धरत खाली बसली. रडू यायला तिला वेळ लागला.

सुनेने स्वतःचं ताट वाढून घेतलं. कित्येक दिवसांनी ती पोटभर जेवली.