रंगाचा रकाना

रुग्णाचे नाव: अर्पिता. वय: सात महिने. गाव: अमडापूर.

इथवर केसपेपरला काही अडचण नव्हती. पुढं छापलं होतं, 'पुळ्यांचा रंग: लाल / निळसर / जांभळा'. अश्विनीच्या या लेकीच्या पाठीवर वाटाण्याएवढ्या टणक गाठी होत्या आणि रंग म्हणाल तर लेकीचाच. सावळ्या लेकरावर सावळ्या गाठी. बुलढाण्याच्या त्वचेच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिन्ही रंग वाचले, पोरगी न्याहाळली आणि लिहून टाकलं: पुळ्या नाहीत.

तक्रार:

तक्रार खरं तर अश्विनीच्या सासूची, अन्नपूर्णाबाईंची. नात उजळावी म्हणून त्या तिला रोज साय-बेसन चोळत. नात काही उजळली नाही, पण बोटांना तिचं अंग पाठ झालं. आधी एक गाठ, मग चार, मग नऊ. पोटही एका बाजूनं घट्ट लागू लागलं. गावातल्या डॉक्टरांनी घामोळं म्हणून मलम दिलं. मलम संपलं, गाठी वाढल्या.

पाहणी, पहिली:

त्वचेच्या दवाखान्यातल्या डॉक्टर पंजाबरावांच्या भिंतीवर गोऱ्यापान लेकरांची चित्रं होती, निरोगी तीही आणि आजारी तीही. पोरीला हात न लावता त्यांनी मोबाईलवर फोटो काढला. हल्ली निदान मोबाईलच करतो. मोबाईल म्हणाला, उजेड कमी आहे. ट्यूबलाईट लावली. खिडकीशी नेलं. शेवटी सगळी वरात भर उन्हात उभी राहिली, तरी उजेड कमीच. दवाखान्यात लेकरू नीटनेटकं दिसावं म्हणून अन्नपूर्णाबाईंनी पिशवीत पावडरचा डबा आणलाच होता. दोन मुठी थापल्या. मोबाईल लगेच म्हणाला, त्वचा निरोगी, चौऱ्याण्णव टक्के.

डॉक्टरांनी उजळपणाचं क्रीम लिहून दिलं. सासूबाईंना असा समजदार डॉक्टर आजवर भेटला नव्हता.

पाहणी, दुसरी:

वीस दिवसांनी अर्पितानं दूध सोडलं. अश्विनीनं कोणाला विचारलं नाही. लेक कडेवर घेतली, बुलढाण्याची एसटी धरली. सासूबाई मागोमाग चढल्या. या खेपेला लहान मुलांच्या डॉक्टर, काजलबाई. त्यांनी ओल्या कापसानं पावडर पुसली, निरखून पाहिलं, विशेष दिसलं नाही. मग पाहणं सोडून दिलं आणि हात लावला. हात थांबला.

घरी हिला आंघोळ कोण घालतं, असं त्यांनी विचारलं. अन्नपूर्णाबाईंनी घाबरतच हात वर केला.

"आजी, डोळे मिटा अन् मले गाठी दाखवा."

म्हातारीची बोटं पुढं, डॉक्टरची मागं. मान, पाठ, मांडी. मघाचं तपासणं आंधळं होतं की हे, कोण सांगणार. गाठी चौदा भरल्या. त्याच दिवशी सोनोग्राफी झाली: मूत्रपिंडाच्या वर मोठी गाठ, यकृत सुजलेलं. कातडीतल्या एका गाठीचा तुकडा तपासायला गेला. पाच दिवसांनी काजलबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं: कर्करोग आहे, आतून कातडीपर्यंत पसरलाय. या वयात पुष्कळ लेकरं बरी होतात, पण उद्याच नागपूर गाठायचं.

अन्नपूर्णाबाईंनी नातीच्या पाठीवरून बोट फिरवलं.

"पोरगी गोरी असती तं आधीच दिसलं असतं काय?"

"हाव. गोऱ्या लेकराले निळ्या दिसतात. पुस्तकात तसेच फोटो हायेत."

"अन् काळ्या लेकराचे काऊन नाहीत?"

काजलबाईंनी नागपूरच्या चिठ्ठीत पहिल्याच ओळीत लिहिलं: गाठी चौदा, रंग कातडीचाच.

उशिराचे कारण:

नागपूरच्या मोठ्या इस्पितळात रवी नावाचा तरणा डॉक्टर कागद भरत होता. महिनाभर उशीर केला ताई तुम्ही, असं म्हणून त्यानं पेन टेकवलं. छापील कारणं तीन: अज्ञान, अंधश्रद्धा, गरिबी. कोणत्यावर खूण करू?

"आधी सलाईन लावा," अश्विनी म्हणाली. "कारण कुठं पळून नाही जाऊन राह्यलं."

सुई लागली. अर्पिता रडली, मग हुंदके देत निजली. नळीतून थेंब पडू लागले तशी अश्विनी कागदाकडे वळली.

"यात डॉक्टर नाही काय?"

"तसा रकाना नसतो, ताई."

"मंग पाडा."

रवीनं मागं वळून मोठे साहेब नाहीत याची खात्री केली. मग गरिबीच्या खाली, जरा वाकडीच, एक रेघ ओढली.

"सांगा," तो म्हणाला. "तारखेसकट सांगा."