खात्रीचा तुकडा

आमच्या प्रयोगशाळेत दोन प्रेशर कुकर आहेत असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. त्यात डाळ शिजत नाही. रुग्णांच्या गाठींतून काढलेले अगदी पातळ काप काचपट्टीवर चिकटवून आम्ही ते त्यात उकळतो. औषधात मुरवून ठेवलेल्या पेशी आखडून बसलेल्या असतात. त्या वाफेने जरा मोकळ्या होतात आणि मगच आमचा रंग धरतात. अठरा वर्षं हेच करतेय, आणि कुकरसमोर उभं राहून गप्पा छाटणाऱ्या माणसाला पाहून अजूनही माझं डोकं फिरतं.

नणंदेची गाठ तपासणीला आली ती आमच्याकडेच. ही माझी धाकटी नणंद, लोकांना गाडी चालवायला शिकवते. जगाला वेळेवर ब्रेक मारायला शिकवणारी बाई स्वतः मात्र चार महिने गाठ घेऊन हिंडत होती. मला समजलं तेव्हा मी तिला इतकं बोलले की नवरा मध्ये पडला. मग दोघी रडलो.

घरच्या माणसाच्या नमुन्याला हात लावायचा नाही, हा आमचा नियम. म्हणून काम गुरुजींकडे गेलं. गुरुजी म्हणजे आमचे सगळ्यात जुने तंत्रज्ञ. थेंब मोजून टाकायची पिपेट कशी धरावी यावर अर्धा तास प्रवचन देतात, म्हणून हे नाव. मी लांबच राहिले. फक्त एक केलं. पट्टीवर आमचं आडनाव होतं आणि आमच्याकडे भिंतींना कान नाहीत, तोंडंच आहेत. म्हणून काम पूर्ण झाल्यावर, नुसता नंबर असलेली मोठी चिठ्ठी छापून मी जुनीवर चिकटवली. चिठ्ठी चिकटवणं म्हणजे काही हात लावणं नव्हे, अशी मी माझी समजूत घातली.

कॅन्सर आहे हे आधीच कळलं होतं. आता प्रश्न पेशीपटलाचा होता. पेशीपटल म्हणजे पेशीची कातडीच म्हणा ना. काही कॅन्सरमध्ये तिच्यावर एका प्रथिनाची नुसती गर्दी झालेली असते. त्यातून पेशीला एकच हुकूम सुटत राहतो, वाढ, वाढ. पण त्याच प्रथिनावर बाहेरून जाऊन बसणारं आणि त्याचं तोंड बंद करणारं औषध आता आहे. ते पेशीत शिरण्याच्या भानगडीत पडत नाही. प्रथिन भरपूर असेल तर आमच्या रंगाने प्रत्येक पेशीच्या कडेला ठळक तपकिरी रेघ उमटते. रेघ नसेल, तर ते औषध तिला मिळणार नाही.

दुपारी अहवाल देणाऱ्या आमच्या डॉक्टर, मोठ्या मॅडमच्या टेबलावर मी कागद पाहिला. शून्य.

मॅडम सूक्ष्मदर्शकातून डोळे न काढता म्हणाल्या, "वाईट वाटतंय गं. पण काहीच नाही उमटलेलं. संध्याकाळी सही करते, उद्या दहाला तिची तिच्या डॉक्टरांकडे वेळ आहे ना?"

मी हो म्हणाले आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. मग तोंड धुतलं आणि परत आले, कारण सवय जात नाही.

"मॅडम, कंट्रोल कसा होता?"

कंट्रोल म्हणजे खात्रीचा तुकडा. हमखास रंग धरणाऱ्या एका जुन्या गाठीचा काप आम्ही प्रत्येक पट्टीवर, चिठ्ठीच्या बाजूला, लावतो. तो रंगला तरच बाकीच्यावर विश्वास ठेवायचा.

"छान होता. सकाळच्या सगळ्या पट्ट्यांवर बघितला."

"हिच्या पट्टीवरचा?"

मॅडमनी पट्टी उचलली, उजेडात धरली. "हिच्यावर लावलेलाच दिसत नाही. पण बाकीच्यांबरोबरच केलीय ना ही?"

पट्टी घेऊन मी नखाने ती मोठी चिठ्ठी सोलली. खाली तुकडा होता. फिका, निळसर, तपकिरीचा मागमूस नाही.

"ही चिठ्ठी कोणी लावली?" मॅडमचा आवाज चढला.

"मी."

त्या जे बोलल्या ते इथे लिहीत नाही, पण त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. गुरुजी मध्येच पुढे आले. त्यांचा चेहरा पडला होता. म्हणाले, "माझंही चुकलं. घरचं काम, गर्दीत नको, म्हणून मी हिची पट्टी एकटीच लहान कुकरला लावली. त्याची रिंग ढिली झालीय. वाफ जात होती बाजूने, मला वाटलं चालेल."

म्हणजे दोघांनी जिवापाड काळजी घेतली आणि त्या काळजीने पोरीचा घात होणार होता. अति तिथे माती म्हणतात, ते हे.

नवा काप, मोठा कुकर, बाकीच्या चार पट्ट्यांच्या गर्दीत. मॅडमनी मला बाहेर काढलं. मी जिन्यात बसून राहिले. येणारेजाणारे बाजूने वाट काढत होते. साडेतीन तासांनी गुरुजी दारात आले आणि कधी नव्हे ते एका शब्दात म्हणाले, "ये."

सूक्ष्मदर्शकात पाहिलं. वरचा खात्रीचा तुकडा गडद तपकिरी. आणि खाली नणंदेच्या गाठीत पेशी न् पेशी कडेने रेखलेली, कुंपणाच्या जाळीसारखी. याचा एक अर्थ असा की आजार जहाल आहे. मला माहीत होतं. तरी मी गुरुजींचा हात धरून हसत सुटले.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांकडून थेट आमच्या घरी आली. अजून चप्पलही काढली नव्हती. "वहिनी, औषध आहे म्हणाले. बराच फरक पडतो म्हणाले."

मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. चिठ्ठी, कुकर, शून्य. काही लपवलं नाही. ती ऐकत राहिली. मी शिव्यांची वाट पाहत होते, हक्कच होता तिचा.

"दुसऱ्यांदा तू स्वतः पाहिलंस?"

"पाहिलं."

"नक्की?"

"नक्की गं."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि सोफ्यावर आडवी झाली. मी पाणी आणायला आत गेले. परत आले तर ती चपलांसकट गाढ झोपली होती, कॅन्सर कळल्यापासूनच्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा. मी तिच्या पायांतल्या चपला हळूच काढल्या आणि फोन बंद करून तिच्याजवळ बसून राहिले.