पंपाच्या तोंडाचं कडं

"हे फिरणार नाही," बाबा म्हणाले.

रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते माझ्या शेडमध्ये यायचे, फळीवर वाळत ठेवलेल्या मातीच्या दातेरी चाकांकडे, व्हॉल्वकडे, पाइपांकडे बघायचे आणि हेच वाक्य म्हणायचे. जणू मी ती चाकं बाजारात विकायला काढली होती आणि ती फिरली नाहीत म्हणून गिऱ्हाईक माझी मानगूट धरणार होतं.

"फिरण्यासाठी नाहीयेत ती, बाबा."

"मग दाते कशाला काढलेस?"

या प्रश्नाला उत्तर देऊन देऊन माझ्या जिभेला फोड आले होते. मी भट्टीत भाजलेल्या मातीची शिल्पं करते, यंत्रांच्या भागांची. लोखंडी वस्तू बाद झाली, कारखान्यातून बाहेर पडली की तिचं काय होतं, ते मला मातीत बघायचं असतं. हे लोकांना सांगितलं की ते मान डोलावतात. बाबांना सांगितलं की ते म्हणतात, "काय होतं म्हणजे? भंगारात जाते."

बाबा पंपाच्या कारखान्यात पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा भाग ओतायच्या आधी तो हुबेहूब लाकडात घडवायचा, मग वाळूत त्याचा ठसा घ्यायचा आणि त्या ठशात लोखंडाचा रस ओतायचा, अशी ती पद्धत. लाकडी नमुना बाबांचा. कारखाना बंद झाल्यावर त्यांनी त्या रस्त्यावरही पाय ठेवला नाही. भाजी आणायला गेले तरी लांबच्या वाटेने वळसा घालून यायचे आणि वर आईला सांगायचे, व्यायाम होतो.

आणि नेमकं त्याच कारखान्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. तिथे आता दुकानं आणि ऑफिसं व्हायची होती. आत एक मोठा पंप उरला होता. तो जमिनीत इतका पक्का बसवलेला होता की कुणालाच हलवता आला नाही. मी आर्किटेक्टला म्हटलं, हलवू नका. या पंपाच्या तोंडातून मी मातीचा पाइप काढते. सुरुवातीला तो अगदी लोखंडासारखा दिसेल, गंजाच्या रंगाचा, बोल्टांसकट. मग पुढे पुढे तो फुगत, वाकत, पातळ होत जाईल आणि शेवटी नुसती पांढरी कोरी माती उरेल. लोखंड कुठे संपलं आणि माती कुठे सुरू झाली ते बघणाऱ्याला कळता कामा नये.

आर्किटेक्टला कल्पना आवडली. म्हणजे, तो तसं म्हणाला. पांढऱ्या बुटांवर धूळ बसू नये म्हणून तो सगळा वेळ एका फळीवर उभा होता.

"फक्त जोड व्यवस्थित बसला पाहिजे हं मॅडम," तो म्हणाला. "फट दिसली तर ते काहीतरी टेकवून ठेवल्यासारखं वाटेल. नाही जमलं तरी टेन्शन घेऊ नका. महिनाअखेरीला पाइप कापायला गॅसकटरवाला येतोच आहे, त्याच्याकडून पंपही तुकडे करून काढून घेऊ. तिथे कॉफीचं काउंटर मस्त बसेल."

हे मी घरी फक्त आईला सांगितलं. बाबांना सांगायचं नाही असं आमचं दोघींचं ठरलं, कारण तो पंप बाबांचा होता. त्याचा लाकडी नमुना त्यांनी घडवला होता. तेव्हा मी पाळण्यात होते आणि आईच्या म्हणण्याप्रमाणे बाबांना त्या वर्षी पाळण्यापेक्षा पंपाचीच काळजी जास्त होती.

पाइपचे पुढचे सगळे तुकडे मला हाताने करता येत होते. पण पंपाच्या तोंडावर चढणारं पहिलं कडं नेमकं हवं होतं. परातीएवढं मोठं, गोल गरगरीत, पंपाच्या काठावर टोपणासारखं बसणारं. त्यासाठी आधी लाकडी नमुना लागणार, त्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यातून मातीचं कडं. आणि लाकडी नमुना करणारा माणूस रोज सकाळी माझ्याच शेडमध्ये चहा पीत उभा होता.

"बाबा, एक पॅटर्न करून द्याल?"

त्यांनी कप खाली ठेवला. बऱ्याच काळाने कुणीतरी त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोललं होतं. ते कशावर बसवायचं हे न सांगता मी कागदावर फक्त माप लिहून दिलं. माती वाळताना आणि भाजताना आक्रसते, म्हणून ते माप मी आधीच तेवढं वाढवून घेतलं होतं. बाबांनी कागद दोनदा वाचला, खिशातली पोलादी पट्टी काढली आणि कामाला लागले. नमुना इतका सुंदर झाला की तो भिंतीवर टांगून शिल्प म्हणून खपवावा असा मोह मला झाला.

कडं भाजून निघालं. मी ते रिक्षातून मांडीवर घेऊन कारखान्यात गेले, पंपाच्या तोंडावर चढवलं आणि ते खुळखुळलं. एका बाजूला टेकवलं तर दुसऱ्या बाजूला आगपेटीची काडी आरामात आत जात होती. मी तिथेच धुळीत बसकण मारली.

घरी येऊन सांगितलं तर बाबा म्हणाले, "माती कुठे कुणाचं ऐकते?"

मला ते पटलं, हीच संतापाची गोष्ट. मी मातीवर शंका घेतली, भट्टीवर घेतली, भट्टी दुरुस्त करणाऱ्याला फोनवर वाट्टेल ते बोलले. मातीच्या चाचणीच्या कांड्या भाजून पाहिल्या. त्या शहाण्या मुलींसारख्या ठरल्याप्रमाणे आक्रसल्या. त्याच साच्यातून दुसरं कडं काढलं, जिवापाड जपून वाळवलं, भाजलं, नेलं. पुन्हा खुळखुळलं. तीच काडी, तेवढीच आत. आर्किटेक्टने फळीवरूनच पाहिलं आणि "ओके ओके" म्हणत फोनवर कॉफीच्या मशीनबद्दल बोलू लागला.

चिडून घरी आले तर स्वयंपाकघरात वेगळंच युद्ध पेटलेलं. बाबांनी आईच्या ओट्याखाली नवीन ड्रॉवर केला होता आणि तो आत जात नव्हता. बाबा गुडघ्यावर बसून त्याला ढकलत होते. आई हात कमरेवर ठेवून उभी होती.

"अहो, मोडेल तो ओटा!"

"लाकूड फुगलंय."

"काल आणलेलं लाकूड आज फुगलं? कारखाना बंद झाल्यापासून तुम्ही या घरात केलेली एक वस्तू पहिल्या झटक्यात बसलेली नाही. ती फळी भिंतीच्या बाहेर येते. ते स्टूल टेबलाखाली जात नाही. सगळं आपलं जरा जरा मोठं!"

"रंधा मारला की बसेल."

"प्रत्येक वेळी रंधाच मारायचा तर मोजता कशाला?"

मी दारातच थांबले. सगळं जरा जरा मोठं. मी बाबांच्या शर्टाच्या खिशातून पट्टी उपसली, शेडमध्ये गेले आणि ती माझ्या पट्टीला लावून धरली. सुरुवातीच्या रेघा जुळल्या. पुढे पुढे बाबांच्या रेघा हळूच सटकत गेल्या आणि शेवटाला तर सरळ पुढे निघून गेल्या.

"दे इकडे," बाबा मागून आले होते. "ती पट्टी कुणाच्या हातात देत नाही मी."

"बाबा, ही पट्टी चुकीची आहे!"

"तोंड सांभाळून बोल. ती ओतकामाची पट्टी आहे. लोखंडाचा रस थंड झाला की आक्रसतो, म्हणून तिच्यावर इंचच मोठे आखलेले असतात. लोखंडाच्या हिशेबाने ती पक्की खरी आहे."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"न माहीत असायला मी काय कारकून होतो?"

"मग माझ्या मापाला ती कशाला लावलीत? मी माप वाढवूनच दिलं होतं!"

"ते तू बोलली नाहीस. पॅटर्न कर म्हणालीस. पॅटर्न याच पट्टीने करतात. दुसऱ्या पट्टीने केलेला पॅटर्न मी जन्मात पाहिलेला नाही."

"मातीचं होतं ते, बाबा! आणि आईचा ड्रॉवर? तो काय ओतायला पाठवणार होता?"

आता ते गप्प राहिले असते तर मीही गप्प बसले असते. पण ते म्हणाले, "एवढं काय आभाळ कोसळलं? नाही बसलं तर नाही बसलं. नाहीतरी फिरणार नव्हतंच."

माझं डोकंच सटकलं. "ते कडं बसलं नाही तर तुमचा पंप कापणार आहेत! तुकडे करून नेणार, महिनाअखेरीला! तिथे कॉफी विकणार आहेत, कॉफी!"

आई धावत आली आणि माझ्याकडे बघतच राहिली. बाबांनी पट्टी खिशात ठेवली. मग पुन्हा बाहेर काढली, टेबलावर ठेवली आणि माझ्यापुढे हात केला.

"तुझी पट्टी दे."

नवा नमुना करायला ते त्याच दुपारी बसले. संध्याकाळपर्यंत त्यांनी दोन लाकडं वाया घालवली. माझ्या पट्टीने मोजायचे, खूण करायचे, खुणेकडे संशयाने बघायचे, पुन्हा मोजायचे. पटाशी उचलली की हात थांबायचा. दुसऱ्या दिवशी तिसरं लाकूड गेलं. त्यांनी चहाही शेडमध्ये मागवला नाही आणि माझ्या चाकांबद्दल एक शब्द काढला नाही. मला ते अजिबात सहन होईना. टोमणे परवडले, पण ते असे माझी पट्टी हातात धरून बसलेले बघवेनात.

"ठेवा ती," मी शेवटी ओरडले. "तुमचीच घ्या. पंपाचं तोंडच तुमच्या पट्टीने मोजून आणते. जिने मोजायचं तिनेच कापायचं, म्हणजे पट्टीचा फरक आपोआप कटतो आणि पुढचं फक्त मातीचं वाढवायचं राहतं. द्या पट्टी, मी जाऊन येते."

बाबांनी टेबलावरची पट्टी उचलून खिशात घातली.

"सांगितलं ना, ती कुणाच्या हातात देत नाही," ते म्हणाले. "चप्पल कुठे आहे माझी?"

कारखान्याच्या दारात ते अडखळले. आत भिंतींना पांढरा रंग, छताला टांगलेले दिवे, पॅटर्न शॉप होतं तिथे काचेचं दार. मी त्यांचा हात धरायला गेले तर झटकला. ते सरळ पंपापाशी गेले आणि तोंड मोजायच्या आधी खाली वाकून पंपाच्या पोटावर काहीतरी चाचपू लागले.

"हे बघ."

बोट लावल्याशिवाय कळलं नसतं. लोखंडावर मसुराएवढा उंचवटा होता.

"लाकडाला गाठ होती इथे. बाजूचं लाकूड मऊ, ते घासलं गेलं, गाठ राहिली वर. तशीच वाळूत उमटली आणि तशीच लोखंडात आली. फोरमनने उभा आडवा झाडला होता मला." त्यांनी गाठीवरून अंगठा फिरवला. "लाकूड कधीच जळणात गेलं असेल."

मग त्यांनी तोंड मोजलं. चारही बाजूंनी. आर्किटेक्ट आला, काही बोलणार होता. बाबांनी त्याच्याकडे न बघता, "फळीवरून उतरा, उजेड अडतोय," असं सुनावलं. तो उतरला.

नमुना झाला. मी तो तपासायला मागितला, तर पॅटर्न कुणी तपासायचा नसतो म्हणे. साचा झाला, कडं झालं. भट्टी तापत असताना मी कुणाशीच धड बोलत नव्हते आणि आई म्हणत होती की भट्टी बाहेर ठेवलीय की घरात तेच कळत नाही. शेवटी झाकण उघडलं. गंजाचा रंग हवा तसाच उतरला होता. पण कडं उलटसुलट करून पाहताना माझं बोट अडलं. खालच्या बाजूला उंचवटा. मसुराएवढा.

"बाबा! हे काय? एवढं गुळगुळीत काम आणि इथे फोड!"

"फोड नाही. गाठ आहे."

"गाठीचं लाकूड का घेतलंत? सगळी लाकडं पडली होती तिथे!"

"शोधून आणलं. वखारीतली पोरं हसली मला."

मी डोक्याला हात लावला. मला ओरडायचं होतं. परत साचा, परत भट्टी, आणि दिवस तर उरलेच नव्हते. मग मी त्यांच्याकडे पाहिलं. ते कड्याच्या गाठीवरून अंगठा फिरवत होते, पंपावर फिरवला होता तसाच, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. मला रडू आलं, आणि त्याचाही मला राग आला.

कारखान्यात आम्ही दोघांनी मिळून कडं चढवलं. ते काठावर सरकलं आणि बसलं. बाबांनी खिशातून आगपेटी काढली आणि जोडाच्या फटीत काडी घालून पाहिली. वरून, बाजूने, खालून. काडी कुठेच शिरली नाही. आर्किटेक्ट वाकून जोड शोधू लागला आणि त्याला तो सापडेना.

"इथे खाली काहीतरी डिफेक्ट आहे का मॅडम?" त्याचं बोट गाठीवर होतं. "घासून काढता येईल?"

"हात लावाल तर बघा," मी म्हटलं.

गॅसकटरवाला नळकांडी घेऊन दारात उभा होता. आर्किटेक्टने त्याला हाताने खूण केली आणि पलीकडचे पाइप दाखवले. तो पंपाला वळसा घालून तिकडे गेला.

बाबांनी काडी परत आगपेटीत ठेवली. पुढचे पांढरे तुकडे अजून जमिनीवर गोणपाटात होते. त्यातला एक त्यांनी उचलला, उजेडात धरला, आत डोकावून बघितलं.

"यात पाणी सोडलं तर गळेल," ते म्हणाले.

"गळू दे, बाबा."

"अशी कशी गळू द्यायची?" त्यांनी तुकडा माझ्या हातात दिला आणि कड्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले. "मी इकडून धरतो. तू लाव."