गादीतली सुई

सात नंबरच्या खाटेवरचा कामगार साकीनाक्याहून आला होता. त्याची कावीळ रक्तातून पसरणारी आहे, हे आदल्या दिवशीच्या तपासणीत कळले होते. मृणालिनीने त्याचे रक्त काढले, सिरिंजची सुई उपसून गादीच्या कडेत खुपसली आणि रक्त बाटलीत सोडले. मुलुंडच्या त्या इस्पितळात सगळे वैद्यकीय विद्यार्थी असेच करीत. दोन्ही हात गुंतलेले, ट्रे भलत्याच खाटेशी. गादी मात्र हाताशी. काम संपले की सुई काढून टाकून द्यायची. पण तेवढ्यात शेजारच्या रुग्णाला उलटी झाली, ती तिकडे धावली आणि सुई राहिली.

थोड्या वेळाने द्रौपदीबाई, वॉर्डातल्या आया, चादर बदलायला आल्या. चादर खोचताना त्यांनी हात झटकन मागे घेतला.

"काय झालं?" मृणालिनीने विचारले.

"काय नाय गो. वायच टोचला."

उजव्या अंगठ्यावर रक्ताचा थेंब होता. गादीत आपलीच सुई होती. मृणालिनीने त्यांना नळाकडे नेले आणि साबणाने अंगठा धुतला.

"रोज काय ना काय टोचता," बाई म्हणाल्या. "म्हणून कोण रडत बसता?"

"याला प्रतिबंधक इंजेक्शन लागतं, बाई. आजच."

ते इंजेक्शन अपघातवहीत नोंद झाल्याशिवाय मिळत नसे. वही वॉर्डातला शिकाऊ डॉक्टर, हाउसमन नंदकिशोर, याच्याकडे होती.

"चादरीतली टाचणी लागली, असं लिही," तो म्हणाला.

"टाचणीनं कावीळ होत नाही. मग इंजेक्शन कशासाठी मागायचं?"

"अगं, सुई लिहिलीस तर कोणाची ते विचारतील. तुझी टर्म सर अडवतील. आणि गादीत खोचायला तुम्हाला शिकवलं कोणी? मीच ना! दोघांची वाट लागेल, यार."

"लागू दे. पेन दे."

तिने लिहिले: खाट सात, कावीळ, वापरलेली सुई, गादीत ठेवणारी मृणालिनी देवस्थळी.

द्रौपदीबाई घाबरल्या. "माजा नाव कशाक? मी बदलीवरची. कामावरसून काढतीत."

"चूक माझी आहे, असंच लिहिलंय. ऐका." तिने नोंद मोठ्याने वाचली. बाईंनी ती पुन्हा वाचायला लावली. मग पट्टी बांधलेल्या अंगठ्याने पेन कसेबसे धरून सही केली.

वॉर्डप्रमुख सरांनी सगळ्यांसमोर मृणालिनीला झापले आणि तिचा वॉर्डातला एक महिना वाढवला. नंदकिशोरलाही बोलावून घेतले. पण संध्याकाळच्या आत बाईंना इंजेक्शन मिळाले.

दुसऱ्या दिवशी मृणालिनीने घरून दूधपावडरचा रिकामा डबा आणला, झाकणाला भोक पाडले आणि तो रक्ताच्या ट्रॉलीला सुतळीने घट्ट बांधला. ट्रॉली खाटेला लावल्याशिवाय सिरिंज हातात घ्यायची नाही, असे तिने बरोबरच्यांना बजावले. काहीजण हसले.

चार दिवसांनी सवयीने नंदकिशोरचा हात गादीकडे वळला.

"ओ डॉक्टर!" द्रौपदीबाई दारातून ओरडल्या. "डबो तकडे आसा!"

सुई डब्यात खणकन पडली.

बाईंचे रक्त तीन महिन्यांनी तपासायचे होते. मृणालिनीने ती तारीख आपल्या वहीत लिहिली आणि त्यांनाही सांगितली.

"तवसर तू हय असशील?" बाईंनी विचारले.

"टर्म संपली तरी त्या दिवशी येईन."

"ये. पण येताना डबो नवो आण. ह्यो भरत इलो."