त्यानं पुरा केलेला शब्द

पुढचा डावा दात मेणात केसभर तिरका बसला होता. त्यानं तो चिमट्यानं धरला, तापवलेल्या चाकूच्या टोकानं भोवतालचं मेण सैल केलं, आणि दात सरळ करायचं सोडून तसाच बसून राहिला... खरं तर तो तिरकाच ठेवायचा होता. खऱ्या माणसाच्या तोंडात काहीतरी थोडं वाकडं असतंच, अगदी सरळ दात खोटे दिसतात, असं तो नव्या डॉक्टरांना नेहमी ऐकवायचा. दुसऱ्यांच्या तोंडातलं त्याला फार कळायचं.

तीस वर्षं कवळ्या करत होता तो. चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर एक खोली, खिडकीला लागून लांब टेबल, त्यावर प्लास्टरच्या जबड्यांची रांग. डॉक्टर ठसे पाठवत, तो त्यांवरून दात उभे करी. गल्लीत त्याला कवळीकाका म्हणत. चर्चच्या मंडळीत मात्र तो पंच होता, पहिल्या बाकावर बसणारा, प्रार्थनेला उभा राहिला की मागच्या भिंतीपर्यंत आवाज पोचणारा. त्या आवाजाचा त्याला अभिमान होता. होता... गेल्या रविवारपर्यंत.

फोन वाजला. बायको.

"अहो, ठकी संध्याकाळी प्रार्थनेला येत नाही म्हणते."

"काही बोलली?"

"कामावर जाताना डोकं दुखतंय म्हणाली. मी काही खोदून विचारलं नाही."

बुधवार होता. म्हणजे तीन दिवस झाले. ठकी—मुलीचं हे घरातलं नाव, वयानं एकोणीस—रुसली असती तर बरं झालं असतं. रुसलेल्या माणसाची समजूत काढता येते. ती तर रुसली नव्हती. जेवताना त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवत होती, त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण न सांगता लावून देत होती, आणि बोलत नव्हती, एवढंच.

ती लहानपणापासून अडखळायची. 'प'वर तर हमखास. तरी पाळकांकडे जाऊन तिनं स्वतःहून रविवारच्या उपासनेतल्या शास्त्रवाचनाला नाव दिलं; दोन आठवडे न्हाणीघरात नळ सोडून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, तोच उतारा घोकत राहिली. रविवारी पुढे उभी राहिली, निळ्या ओढणीत, आणि दहा ओळी तिनं अशा वाचल्या की बायकोनं त्याचा हात दाबला. अकराव्या ओळीत 'परका' हा शब्द आला. ठकीचे ओठ मिटले. ओठांवर शब्द आला होता, दिसत होता, सुटत नव्हता. कुणीतरी खोकलं. एका पोरानं आईला काहीतरी विचारलं आणि आईनं त्याला गप्प केलं. किती वेळ गेला असेल? आठ सेकंद, दहा... आणि मग देवळाच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचेल अशा खणखणीत आवाजात तो शब्द उच्चारला गेला. त्याच्या तोंडून.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. गर्दीत शेजारच्यानं आपल्या खिशात हात घातल्यावर माणूस बघतं ना, तसं. मग पुस्तक मिटलं आणि खाली उतरली. पाच ओळी राहिल्या होत्या.

बाहेर दाराशी लोकांनी त्याची पाठ थोपटली. शेवटी बापाचं काळीज, म्हणाले. अगदी वेळेवर धावलात. आणि तो हसला... मी हसलो. मला ते बरं वाटलं, हे कुणाला सांगू? कारण त्या दहा सेकंदांत ठकी माझ्या मनात नव्हतीच. माझी मान तापली होती. मागच्या बाकांवरचे सगळे डोळे माझ्या मानेवर होते, आणि मला ते संपवायचं होतं, बस्स.

आणि ते फक्त त्या रविवारपुरतं नव्हतं. ठकी सहा वर्षांची होती तेव्हा जेवणाआधीची प्रार्थना तिनं म्हणायची, असा त्याचा दंडक होता. अडली की पहिल्यापासून. अन्न निवून जायचं, पोरीचे डोळे भरायचे, आणि तो हात जोडून, डोळे मिटून बसायचा, जणू हे सगळं वरूनच ठरवून आलं होतं. बायको एकदाच बोलली होती. "अहो, देवाला घाई नाहीये." त्यावर त्यानं तिला शिस्तीवर एक लांबलचक व्याख्यान दिलं. काय बोललो होतो ते आठवत नाही. घाई नाहीये, एवढं मात्र आठवतं.

दुपारी एक म्हाताऱ्या शिक्षिकाबाई आल्या, मेणातली कवळी तोंडात बसवून बघायला. दातांवाचून त्यांचं बोलणं नुसतं फसफसत होतं. जुन्या कवळीनं हिरडी कशी सोलली, जावई कसा हसतो, सून कशी हसत नाही... तो स्टूलावर बसून ऐकत राहिला. वीस मिनिटं. एकही शब्द त्यानं त्यांच्या तोंडातून ओढला नाही.

"तुमच्यासारखा सबुरीचा माणूस नाही पाहिला बाई," निघताना त्या म्हणाल्या. "घरच्यांचं नशीब."

त्यानं जिना उतरेपर्यंत त्यांना हात दिला. परत वर आला, बर्नर विझवला आणि दाराला कुलूप लावलं. अजून चारही वाजले नव्हते.

ठकी सार्वजनिक वाचनालयात कामाला होती. वर्षभरात तो तिथे एकदाही गेला नव्हता. काउंटरवर बसून ही लोकांशी कशी बोलत असेल, हे त्याला बघायचं नव्हतं. आज तो कपाटाआड उभा राहिला. चोरासारखा. एक जाडा गृहस्थ कुठलंसं पुस्तक मागत होता आणि ठकी अडली. त्याच्या जिभेच्या टोकावर तिचा शब्द आपोआप आला. त्यानं दात घट्ट आवळले. गृहस्थ चष्मा पुसत उभा राहिला. ठकीनं एक श्वास सोडला, शब्द आला, आणि ती काहीतरी बोलली त्यावर दोघंही हसली. एवढंच. कुठे काही कोसळलं नाही.

मग तिनं वर पाहिलं.

बाहेर पायऱ्यांवर दोघं बसली. मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"रविवारचं," तो म्हणाला. "चुकलं माझं, ठके."

"सगळे म्हणतात, तुम्ही मदत केलीत."

"मदत नव्हती ती. मला लाज वाटली. तुझी नाही... म्हणजे, तुझीच. लोक बघत होते म्हणून."

हे आपण बोललो, हे त्याला स्वतःलाच ऐकू आलं. सायकलवरून एक बाई गेली. समोरच्या दुकानाचं शटर अर्धं वर झालं, अडलं, पुन्हा खाली आलं. ठकीचे ओठ मिटले, गळ्याची शीर ताणली. त्यानं तिच्या तोंडाकडे बघायचं सोडून तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत अडलेल्या ठकीचे डोळे आपण कधी बघितलेच नाहीत... त्यांत भीती नव्हती. ती फक्त शब्द काढायच्या कामात होती.

"प... परका," ती म्हणाली. "येत होता मला तो. पोचलेच होते मी."

"हं."

"आणि आत्ता लगेच माफी मागू नका. मी हो म्हणेन. मग तुम्ही घरी जाऊन निवांत घोराल."

त्याला हसू आलं. ती उठली, कपडे झटकले.

"सहाला सुटते मी," म्हणाली आणि आत गेली. थांबा म्हणाली नाही. जा असंही नाही.

तो बसून राहिला. सवयीनं मनात प्रार्थना सुरू झाली, रोजचीच, वर्षानुवर्षांची: प्रभू, माझ्या लेकीची जीभ मोकळी कर... आणि पहिल्याच वाक्यात तो थबकला. रोज सकाळी, गुडघे टेकून, मी देवापाशी हिची तक्रारच करत आलो. दुसरं काय मागायचं, ते त्याला सुचेना. जीभ कोरडी पडली होती. पायरीचा दगड अजून उन्हानं तापलेला होता; त्यानं त्यावर तळहात टेकला. आमेन म्हणून उठून जाता आलं असतं. तो उठला नाही. अपराध होता तिथेच होता, पण पळायला लावत नव्हता. आणि शब्द येत नव्हता... तरी त्याची मान तापली नव्हती.