एकाहत्तरचे सतरा

“तू जा रे! नाहीतरी बसलेलाच आहेस.”

आमच्या प्रशिक्षकाचा, ट्रास्कचा आवाज बर्फ ओलांडून माझ्यापर्यंत स्वच्छ आला. हा माणूस कुजबुजला तरी तिकिटाच्या खिडकीपर्यंत ऐकू जातं. देवाने घसा भरपूर दिला, आणि वरचा मजला द्यायच्या वेळी बहुधा त्याला दुसरं काम निघालं.

रविवारची दुपार, आइस हॉकीचा सामना, शेवटचं सत्र, दोन-दोन बरोबरी. गोलकीपर धरून बर्फावर सहा जण हवेत. ट्रास्कने आरडाओरडा करत बदली खेळाडू सोडले आणि सात झाले. पंचाने शिट्टी फुंकली. ही चूक कुणा खेळाडूची नसते, प्रशिक्षकाची असते. पण शिक्षा भोगायला प्रशिक्षक जात नाही. त्याने एका खेळाडूकडे बोट दाखवायचं, त्या खेळाडूने दोन मिनिटं काचेच्या पेटीत जाऊन बसायचं, आणि तेवढा वेळ संघाने एक माणूस कमी घेऊन झुंजायचं.

बाकाच्या अगदी टोकाला बसलेला एकाहत्तर नंबर उभा राहिला. त्याने हातमोज्याचा अंगठा स्वतःच्या छातीला लावला. मी?

“नाही, माझी सासू! जा म्हणतोय ना!”

ती पेटी माझ्या ताब्यात असते. तीस वर्षं मी टपाल वाटत दारोदार फिरलो. निवृत्त झाल्यापासून या एकाच दाराचा धनी आहे. खेळाडू आला की कडी काढायची, शिक्षा संपली की पुन्हा काढायची, आणि आत कोण बसलंय ते वर फोनवर कळवायचं. पोरं मला डीकन म्हणतात. एक तर मी चर्चमध्ये डीकन, म्हणजे पास्टरांचा मदतनीस, आहेच, आणि दुसरं म्हणजे माझ्यासमोर तोंडातून शिवी गेली की त्यांना लाज वाटते. निदान चांगल्या घरच्यांना वाटते.

आर्लो लाहटी आत येऊन बसला. मी कडी लावली. त्याची जर्सी खडखडीत कोरडी होती. शेवटच्या सत्रात जो येतो तो घोड्यासारखा वाफाळत येतो; हा लाँड्रीतून आल्यासारखा. गेले बारा सामने तो असाच कोरडा घरी जात होता.

“डीकन,” तो समोरच्या काचेकडे बघत म्हणाला, “झाले बघा दोनशे साठ.”

याचा अर्थ नीट सांगायला हवा. आमच्या लीगचा नियम असा, की ज्याचे दोनशे साठ सामने झाले तो ‘मुरलेला’, आणि एका संघाला असे मुरलेले चारच ठेवता येतात. म्हणे नव्या पोरांना संधी मिळावी! पोरांची एवढी कळकळ असलेल्या या साहेबलोकांनी एकाही पोराला नावाने हाक मारलेली मी ऐकलेली नाही. सुतार घ्या, टपालवाला घ्या, जितकी वर्षं तितका मान. इथे माणूस काम शिकला रे शिकला की त्याला बाहेरचा रस्ता. ज्यांनी हा नियम लिहिला त्यांना स्केट्स घालून बर्फावर सोडावं आणि किती जण उभे राहतात ते बघावं, अशी माझी फार इच्छा आहे.

आमच्या संघाचं नाव पाणउंदीर. मालकाने हेच नाव का निवडलं ते त्याचं त्याला ठाऊक. घरचं वाटलं असेल. त्याच्या संघातल्या चारही जागा भरलेल्या होत्या. एक तर त्याच्या जावयानेच अडवलेली, आणि तो जावई वळायचं म्हटलं की आगबोटीसारखा वळतो. आर्लो पाचवा झाला असता. म्हणजे झालाच नसता.

एकोणतीस वर्षांचा, उत्तरेकडच्या लोखंडाच्या खाणींच्या गावचा. सहा वर्षांत पाच संघ. एका संघाने त्याला बर्फ गुळगुळीत करणाऱ्या यंत्राच्या जुन्या पात्याच्या बदल्यात दिला, असं पोरं चिडवायची. तो म्हणायचा, “पातं चांगलं धारदार होतं रे.” वरच्या लीगने तीनदा बोलावलं आणि तीनदा आठवड्याच्या आत परत धाडलं. तरी सरावाला पहिला तोच. नव्या पोरांना कोपऱ्यात घेऊन, पाठ न दाखवता वळायचं कसं, हे तो समजावत असायचा. ते काम खरं ट्रास्कचं. पण ट्रास्कला वळणं माहीत असती तर तो आमच्या गावात कशाला सापडला असता?

जानेवारीत आर्लोचे दोनशे एकोणसाठ भरले. त्याची बायको जोलीन तेव्हा सहाव्यात होती. रक्तदाब चढत होता, पाय सुजत होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की बाळंतपण मोठ्या हॉस्पिटलातच होईल, आणि त्याआधी दर आठवड्याला दाखवायला यायचं. हे सगळं क्लबच्या विम्यावर. नाव यादीत आहे तोवर विमा, आणि नाव यादीत आहे तोवरच डोक्यावर क्लबचं दोन खोल्यांचं घर.

तेव्हा ट्रास्कने त्याला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, “कपडे चढवून बाकावर बस. माझे चार जण जायबंदी आहेत, माणसं पुरती दिसायला हवीत. पण बर्फावर उतरलास की दोनशे साठ. मग मी तुला ठेवू शकत नाही. उपकार समज.”

बाकावर नुसता बसलेला माणूस सामना खेळला असं धरत नाहीत. पण दुसऱ्याच्या चुकीपायी पेटीत बसलेला मात्र खेळला असं धरतात. हा नियम मला पाठ आहे, आर्लोला पाठ आहे. ज्याचा तो धंदा, त्या ट्रास्कला? छत्री कुठे ठेवली ते विसरावं, तसा तो आपलाच शब्द विसरला होता.

“मग उठलास कशाला?” मी म्हणालो. “तोंड नव्हतं तुला?”

“उघडलं होतं. तो म्हणाला, सासू.”

“दुसऱ्यांदा उघडायचं!”

“पंच खोळंबला होता, डीकन. आणखी दोन मिनिटं ठोकली असती.” त्याने हातमोजा काढला, पुन्हा घातला. “जोलीन आलीये. सातव्या रांगेत. डॉक्टर नको म्हणाले होते जिने चढायला. ती म्हणे, घरी बसून छताकडे किती बघू? इथे येऊन तुला बाकावर बसलेला बघते.”

मी मागे पाहिलं. आठ महिन्यांचं पोट घेऊन ती पोर हिरव्या कोटात बसली होती. बाकीची रांग कुपनावर मिळालेले उंदराचे टी-शर्ट अंगावरच्या कोटावर ताणून घालत होती. तिचं लक्ष फक्त आमच्या पेटीकडे. तिलाही नियम पाठ होता.

फोन वाजला. वरच्या खोलीतून लोरेटा. सामन्याचा कागद तीच भरते. तिची खोली नेमकी आमच्या डोक्यावर, त्यामुळे सगळा बर्फ तिला दिसतो आणि आमची पेटी तेवढी दिसत नाही.

“डीकन, कोणाला बसवलंय हो?”

चिठ्ठीवर मी सवयीने आकडा लिहून ठेवला होता. सात आणि एक.

“थांब लोरेटा, चष्मा पुसतो.”

त्या दिवशी सकाळीच आमचे पास्टर ‘तुला मोजलं कुणी?’ यावर बोलले होते. बोलले म्हणजे गायलेच. बोलता बोलता ते सूर धरतात, ऑर्गनवाला त्यांना साथ देतो, आणि मग अख्खं चर्च उभं राहून उत्तर देतं. शाळेने गाळलं, कारखान्याने गाळलं, मोजलं कुणी? त्याने! नातलगांनी गाळलं, मोजलं कुणी? त्याने! जेवायलाही न थांबता तोच सूर घोळवत मी इथे आलो होतो. आणि आता माझ्यासमोर असा माणूस बसला होता, की ज्याला मोजलं तर तो संपणार होता.

आर्लो माझ्या चिठ्ठीकडे बघत होता.

“मी तुम्हाला काही सांगणार नाही,” तो म्हणाला. “तुम्ही डीकन आहात.”

“मी तुला विचारलंय का काही?”

मी फोन तोंडाशी नेला. “लोरेटा, सतरा.”

“सतरा? बरं.”

आमची चिठ्ठी कधी कुणी तपासलीच तर म्हातारा आहे, आकडे उलटे पडले. एवढं काय ते लीगने पोटात घालावं. त्यांच्या पोटात याहून पुष्कळ जागा आहे.

ध्वनिक्षेपकावरून घोषणा झाली, की संघाची शिक्षा सतरा नंबर भोगतो आहे. सतरा नंबरचं पोरगं समोर बाकावर नाक शिंकरत होतं. आपला आकडा ऐकून त्याने मान वर केली, आजूबाजूला पाहिलं, आणि पुन्हा नाकाकडे वळलं. ट्रास्क पंचाच्या खानदानाचा उद्धार करण्यात गुंतला होता. त्याला स्वतःचं नाव पुकारलं असतं तरी कळलं नसतं.

“आता नीट ऐक,” मी आर्लोला म्हणालो. “दार उघडलं की नाकासमोर बाकावर जायचं. इकडून तिकडे जाणाऱ्या माणसाची कुणी नोंद करत नाही. पण चकतीला स्टिक लावलीस तर वरून तुझं नाव घेतील. मग मी काही करू शकणार नाही.”

“स्टिक कोण लावतंय? कुठून धरतात तेच विसरलो.”

तो हसला. मग हसायचा थांबला आणि बर्फाकडे बघू लागला. आमची चार पोरं आमच्या गोलपुढे लोळण घेत होती. समोरच्या संघाचे पाचही जण तिथे चढले होते, अगदी मागे राहायचे तेसुद्धा. आर्लोचे गुडघे हलत होते. कुठली पोकळी कधी उघडणार ते त्याला आधी दिसतं, हे मी चार महिने पाहत होतो. दहा सेकंद उरले. त्याने स्टिक दोन्ही हातांत धरली. कुठून धरतात ते हातांना बरोबर आठवत होतं.

तीन. दोन. एक. मी कडी काढली.

त्याच क्षणी आमच्या कुणीतरी, जीव वाचवायला म्हणून, चकती आंधळेपणाने दूर भिरकावली. ती कडेच्या फळीला लागली, वळली, आणि सुतासारखी सरळ आमच्या दाराकडे आली. समोरच्या संघाचे पाचही जण तिच्या मागे पडले होते. पुढे सगळा बर्फ मोकळा, आणि पार टोकाला एकटा गोलकीपर. पेटीतून सुटलेल्या माणसाला अशी चकती आयुष्यात कितीदा मिळते? एकोणीस वर्षांत मी ती मोजून सहा वेळा पाहिलीये.

अठराशे लोक एकदम उभे राहिले. “घे! घे! घे!”

आर्लोने स्टिक उचलली. बर्फापासून वर, छातीशी आडवी, नदी ओलांडणारा माणूस सामान धरतो तशी. चकती त्याच्या दोन पायांच्या मधून निघून गेली. त्याने एक छोटी उडी मारली, तिला स्केटसुद्धा लागू नये म्हणून. आणि तो नाकासमोर बाकाकडे गेला.

क्षणभर कुणाला काय झालं ते कळलं नाही. मग कळलं.

“झोपलास काय रे मुडद्या!”

“चष्मा लाव! घेऊन देऊ का?”

“घरी जा! चुलीपाशी बस!”

ज्यांना फलकावरचा गोलांचा आकडा आणि तापमान यातला फरक सांगता येत नाही, जे दोन सत्रं खेळाकडे पाठ करून नाचो खात बसले होते, ते आता आर्लो लाहटीला हॉकी शिकवत होते. कुणीतरी कागदी पेला फेकला. तो माझ्या काचेवर फुटला. सातव्या रांगेत हिरवा कोट तेवढा खाली बसलेला होता. दोन्ही हात पोटावर, डोळे मिटलेले.

ट्रास्क बाकावर चढून ओरडला, “अरे, शेतातलं बुजगावणंसुद्धा हात पसरून उभं राहतं!”

“चुकलं, कोच,” असं आर्लो म्हणाला असावा. नुसते ओठ हललेले मला दिसले. मग तो बाकाच्या टोकाला आपल्या जागी जाऊन बसला.

तो सामना आम्ही हरलो. ट्रास्कला आजतागायत काही कळलेलं नाही, आणि सांगून कळेल असं मला वाटत नाही. तेव्हापासून रविवारी पास्टरांनी सूर धरला की मी उभा राहतो, ओठ हलवतो, पण उत्तर द्यायला थोडा उशीर होतो.

बाळ मार्चमध्ये झालं. मुलगी. तीन रात्री जोलीनचं काही खरं नव्हतं, पण हॉस्पिटल मोठं होतं, आणि त्यांनी तिला सोडलं नाही. हंगाम संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी आर्लोचं नाव यादीतून काढलं. लीगच्या नोंदीत त्याचे सामने दोनशे एकोणसाठ. गावी मामाने खाणीत शब्द टाकून ठेवलाय, असं तो म्हणाला.

त्यांना निरोप द्यायला मी सकाळी गेलो. माझ्या बायकोने केलेला मक्याचा पाव नेला होता. गाडीत खोकी, पाळणा, आणि टपावर खेळाच्या बॅगा. आर्लो टपावर स्टिक बांधत होता. जोलीनने बाळ माझ्या हातात दिलं. टपालाच्या पाकिटाइतकंच वजन.

“डीकन, एक विचारू?” ती हळूच म्हणाली. “पण खरं सांगायचं हं. त्या दिवशी त्याने चकती घेतली असती, तर झाला असता गोल?”

“नसता झाला,” मी म्हणालो. “गोलकीपर पुढे सरकला होता. अडवलाच असता त्याने.”

सतरा म्हणायला जेवढा वेळ लागला होता, तेवढाही लागला नाही.

“बरं झालं मग,” ती म्हणाली, आणि बाळाची टोपी कानावर ओढून घेतली.

टपावरची दोरी ओढत, आमच्याकडे पाठ करूनच आर्लो म्हणाला, “गोलचा डावा कोपरा. वरचा.”

मग गाठ घट्ट बसलीये का, ते त्याने दोनदा ओढून पाहिलं.