सोमवारचं पाणी

तळकल्लूरच्या सहा विहिरींत पाणी किती, असं गावात कुणालाही विचारा, उत्तर एकच यायचं: "त्या उदगीरच्या बाईला इचारा." आणि बाईला विचारलं की बाई वही काढणार. अंदाजे, साधारण, असंल-नसंल हे शब्द तिच्या पोरांना बंद होते. एखादा म्हणाला, "बाई, पाणी लई खाली गेलंय," की मेलाच तो. "लई म्हणजे किती रे? तुझ्या मिशीएवढं की माझ्या वेणीएवढं?" नववीतल्या पोराला मिशीवरून बोललेलं जिव्हारी लागतं. पुढच्या खेपेला तो मुकाट्यानं फूट आणि इंच सांगायचा.

रुद्राणी सत्तावीस वर्षांची. उदगीरच्या भुसार दुकानदाराची लेक, आवाज बापावर गेलेला. तिनं शाळेच्या ओसरीतून हाक मारली की वेशीतली म्हातारी दचकायची. नांदेडच्या एका संस्थेनं तिला शाळांतल्या मोठ्या पोरांना निसर्ग शिकवायला नेमलं होतं. दोन वर्षं तिनं कंधारकडच्या पोरांना झाडं-पाखरं ओळखायला लावली. मग लातूर जिल्हा नवा झाला, आणि नव्या नवरीमागं करवली यावी तसा दुष्काळही मागोमाग आला. संस्थेनं तिला निलंगा तालुक्यात धाडलं. पाच गावं, पाच शाळा, प्रत्येक शाळेला एक वार. तळकल्लूरचा वार सोमवार.

"झाडं सुकली, पाखरं उडाली, आता काय शिकवनार बाई तुमी?" पहिल्याच दिवशी एसटीच्या कंडक्टरनं तिला विचारलं होतं.

"विहीर," ती म्हणाली. "ती काय उडून जात नाही."

शिवारात अजून लाइट पोचली नव्हती, सहाही विहिरींवर बैलांच्या मोटा चालायच्या. दर सोमवारी दहाच्या सुमारास पोरं निघायची. विहिरीच्या कडेला एका दगडावर चुन्याची खूण होती. तिथून टेप खाली सोडायची, टेपेच्या टोकाला खडू चोळलेला. खडू ओला झाला तिथं पाणी. विहिरीची खोली ठाऊकच होती, त्यातून वजा केलं की आत किती फूट पाणी उभं आहे ते कळायचं. टेप धरायला एक, खडूला एक, वहीला एक, आणि दर महिन्याला पाळी बदलायची. "डोळ्यानं बघा, हातानं मोजा, मगच तोंड उघडा," हे बाईचं बोलणं पोरं तिच्या मागं तिच्याच आवाजात म्हणायची, आणि ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

त्यातली तीन पोरं तिची लाडकी होती, उगाच लपवायचं कशाला. गौरम्माचं अक्षर मोत्यासारखं. पंचशीला वजाबाकी बोटं न मोडता करायची. आणि जहांगीर, खाजामियाँचा पोरगा, त्याच्या हातात टेप कधी हलायची नाही. तिघांचं एकमेकांशी रोज भांडण आणि रोज डबा एकत्र.

छप्पन्न सोमवार झाले. फाल्गुनात गावचा पिण्याच्या पाण्याचा आड आटला, नुसता गाळ वर येऊ लागला. मग निलंग्याहून नायब तहसीलदार आले. अशा वेळी सरकार गावातली एखादी खासगी विहीर पिण्यासाठी ताब्यात घेतं. मालकाची मोट पाऊस पडेपर्यंत बंद, आणि गाव तिथं पाणी भरतं. कुठली विहीर घ्यायची हे ठरवायचं होतं. साहेब वाकून-वाकून विहिरी बघायला लागले तशी रुद्राणीनं वही पुढं केली.

साहेबांनी पानं उलटली आणि चष्मा काढला. "बाई, असं रजिस्टर आमच्या नव्या जिल्ह्याच्या कचेरीतसुद्धा नसेल!"

वहीत सगळं स्वच्छ होतं. चार विहिरींत दोन-तीन फूट पाणी. बसलिंगप्पांच्या विहिरीत नऊ फूट. खाजामियाँची सगळ्यात गरीब, पावणेदोनावर कधी गेली नाही. साहेब म्हणाले, "पुढच्या बुधवारी बसलिंगप्पांचा कागद घेऊन येतो." रुद्राणीची छाती फुगली. का फुगू नये? पोरांच्या वहीवर सरकार चाललं होतं!

बसलिंगप्पा म्हणजे गौरम्माचे आजोबा. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, सत्तरीचा ताठ म्हातारा. ते काठी आपटत शाळेच्या ओसरीवर आले.

"बाई, माज्या इहिरीत नऊ फूट पानी असतं तर म्या माजा कांदा करपू दिला असता का?"

"आप्पा, आकडा मी नाही लिहिला. तुमच्या नातीनं लिहिलाय."

जमलेली माणसं फिदीफिदी हसली. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याच्या हातून पाणीसुद्धा सुटत न्हाई. आप्पा काठी आपटत परत गेले. शाळेत मात्र पोरांनी गौरम्माला धारेवर धरलं. "तुझा आज्जा पान्यावर बसलाय नागासारखा!" गौरम्मा वहीत मान खुपसून बसली. हे रुद्राणीनं बघितलं, पण तिला वाटलं, खरं बोलायचं म्हणजे एवढं सोसावंच लागतं.

पुढच्या सोमवारी मोजणी झाल्यावर गौरम्मा बाईच्या मागं-मागं एसटीच्या थांब्यापर्यंत आली. परकराच्या खिशातून तिनं एक घडी केलेला कागद काढला. शाळेला यायच्या आधी, रोज दहा वाजता, तिनं एकटीनं आज्जाची विहीर मोजली होती. सोमवार नऊ फूट. मंगळवार तीन. बुधवार अडीच. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, अडीचच्या आसपास. आणि आज सोमवार, पुन्हा पावणेनऊ.

रुद्राणीच्या कपाळावर आठी चढली. "आज्जाला वाचवायला आकडे बनवलेस?"

बोलून गेली ती, आणि शब्द काही परत घेता येत नाही. गौरम्माचे डोळे भरले, पण पोरगी बाईचीच चेली. "बनवलं असतं तर सोमवारचं कामून नऊ लिवलं असतं?" ती म्हणाली. "तुमीच म्हंता डोळ्यानं बघा, हातानं मोजा. मग उद्या येऊन मोजा की."

एसटीत रुद्राणीला बसायला जागा मिळाली तरी चैन पडेना. मंगळवारी तिचं गाव दुसरं होतं. तिथल्या हेडमास्तरांना निरोप धाडून ती सकाळी तळकल्लूरलाच उतरली आणि तडक बसलिंगप्पांच्या मळ्यात गेली. मोट चालू होती. बैल धावेच्या उतारावरून खाली उतरत होते, पाणी वरच्या दगडी थारोळ्यात भसाभस पडत होतं. तिनं स्वतः टेप सोडली. तीन फूट, दोन बोटं कमीच.

"काल पावणेनऊ होतं," ती म्हणाली. "आप्पा, काल मोट नव्हती का?"

आप्पांनी बैल थांबवले आणि तिच्याकडं असं बघितलं की जणू तिनं सूर्य कुठं उगवतो विचारलं. "काल सोमवार होता की, बाई."

सोमवार! शिवाचा वार, नंदीचा वार. लिंगायताच्या दावणीला सोमवारी बैलाच्या मानेवर जू चढत नाही. पिढ्यानपिढ्या नाही. रविवारी दिवस मावळता बैल सुटले की मंगळवारी उजाडेपर्यंत विहीर निवांत, चोवीस तासांवर झिरपत राहणारी. बाकीच्या पाच विहिरींवर सोमवारी पहाटेपासून मोटा चालायच्या आणि दहापर्यंत पाणी उपसून तळ गाठायच्या. पोरं एक विश्रांती घेतलेली विहीर आणि पाच दमलेल्या विहिरी एका वहीत मांडत होती, छप्पन्न आठवडे, एकाही चुकीशिवाय.

रुद्राणी धावेच्या कडेला बसली. ती स्वतः लिंगायताची. सोमवार धरायची, भस्म लावायची. पण दुकानदाराच्या घरची! तराजूला कुठं सोमवार असतो?

"मला कुणी सांगितलं कसं नाही ग?" रोजच्या मोजणीला आलेल्या गौरम्माला तिनं विचारलं.

"बाई, तुमी तर आमच्यातल्याच. तुमाला ठावं नसंल असं वाटलंच न्हाई."

कान तापले तिचे. वर्षभर पोरांना शहाणं करत हिंडली आणि नेमकं स्वतःचंच घर बघायचं राहिलं. पण रुद्राणी कुढत बसणाऱ्यांतली नव्हती. तिनं लुगड्याची धूळ झटकली, गौरम्माच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "चुकलं माझं. तुझ्यावर बोलले ते तर लईच चुकलं." मग तिनं शाळेत जाऊन सगळ्या पोरांपुढंही तेच सांगितलं, त्याच मोठ्या आवाजात. पोरांना बाई चुकलेली बघून मनातून गुदगुल्या झाल्या, पण हसायची कुणाची छाती झाली नाही.

"आप्पांची विहीर घेतली तर काय होईल?" तिनं विचारलं.

"अख्खं गाव पानी भरंल," पंचशीला म्हणाली. "आठ दिवसांत गाळ. मग चैत-वैशाख ठणठणाट."

"मग घ्यायची कुठली?"

पोरं वहीची पानं उलटीपालटी करू लागली. शेवटी पंचशीलाच म्हणाली, "बाई, सगळ्यांला सारखंच पळवू. मग बघू कुनाला लौकर दम येतोय."

असा विचार निघाला, आणि ऐकून बाईला त्या पोरीला उचलून घ्यावंसं वाटलं. संध्याकाळपर्यंत पोरं सहाही मालकांच्या दारी जाऊन आली. बुधवारी उजाडल्यापासून आठपर्यंत सगळ्यांनी मोट चालवायची. आठला सगळ्यांनी एकदम बंद. तेव्हा एकदा मोजायचं आणि दहाला पुन्हा. जी विहीर जास्त चढेल तिच्या पोटात खरा झरा. मालक कुरकुरले, पण पोरं दारात ठाण मांडून बसल्यावर हो म्हणाले.

जहांगीर मात्र त्या दिवशी मागंच रेंगाळला. दप्तर आवरताना एकदाच बाईपाशी येऊन उभा राहिला. "बाई, आमची इहीर दुपारला परत भरती. म्हनून तर अब्बा दोन टायमाला मोट धरत्यात." एवढं सांगून तो निघून गेला. रुद्राणीला काय ते कळलं. खाजामियाँची अर्धा एकर वांगी नुकती फळाला आली होती, आणि त्या घराला दुसरं काही नव्हतं. विहीर गेली की वांगीही गेली.

बुधवारी साहेब कागद घेऊन आले तेव्हा दहा वाजत आले होते.

"सही करा, आप्पा," ते म्हणाले.

"थांबा साहेब," रुद्राणी मधे पडली. "कागद चुकलाय."

"बाई, तुमच्याच वहीवरून टाइप केलाय हा!"

"वही खरी आहे. वाचणारी चुकली. ती मीच." आणि तिनं सोमवारची सगळी हकीगत सांगितली, कुठंही आवाज न उतरवता. साहेब आधी चिडले, मग घड्याळ बघितलं, मग म्हणाले, "चला. अर्धा तास देतो."

गाव मागं लागलं. पहिल्या विहिरीत दोन तासांत पाणी तीन इंच चढलं होतं. दुसरीत चार. तिसरीत दोन, चौथीत तीन. बसलिंगप्पांच्या विहिरीत नऊ इंच. गौरम्मा लिहीत होती, पंचशीला वजा करत होती, आणि टेपेची पाळी त्या महिन्यात जहांगीरची होती.

खाजामियाँच्या विहिरीपाशी रुद्राणी त्याच्या कानाशी वाकली. "टेप पंचशीलाकडं दे. मी सांगते तिला."

"न्हाई बाई. पाळी माजी हाय."

खाजामियाँ धावेवर बैलांजवळ उभे होते. मागं वांग्याची हिरवीगार रोपं, सगळ्या करपलेल्या शिवारात तेवढीच हिरवी. पोरानं खुणेवर टेप धरली आणि खाली सोडली. त्याचा हात हलला नाही. टेप वर आली. ओल्या खडूकडं तो जरा जास्तच वेळ बघत राहिला. रुद्राणीनं नजर दुसरीकडं वळवली, कारण त्या क्षणी त्यानं खोटा आकडा सांगितला असता तर तिनं त्याला माफ केलं असतं, आणि ते त्याला दिसू नये असं तिला वाटत होतं.

"एक फूट दहा इंच चढलं," जहांगीर म्हणाला. आवाज अगदीच बारीक निघाला.

मग खाजामियाँ बोलले, "जोर से बोल, बेटा. पीछे वालों को सुनाई नै दिया."

"एक फूट दहा इंच!"

साहेबांनी जुना कागद फाडला आणि नवा लिहायला घेतला. गर्दीतल्या बाया आपसात बोलू लागल्या, कुणी घागरी आणायला पळालं. जहांगीर टेप गुंडाळत होता आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी टेपेवर पडत होतं. रुद्राणीनं त्याला जवळ घेतलं. सगळ्यांसमोर, पंधरा वर्षांच्या पोराला. त्यानंही घेऊ दिलं.

खाजामियाँनी बैल सोडले. गळ्यातलं जोतं काढताना त्यांचे हात हळूहळू चालले होते. तेवढ्यात काठीचा आवाज आला. बसलिंगप्पा गर्दीतून वाट काढत त्यांच्यापुढं येऊन उभे राहिले.

"खाजा, तुजी वांगी किती दिसाला पानी मागत्यात?"

"आठ दिसाला एकदा दिलं तरी जगत्यात, आप्पा. कामून?"

"सोमवारी माजी इहीर तुडुंब असती. नऊ फूट! बाईच्या वहीत हाय. पाट दोघांच्या बांधावरूनच जातोय. तुजे बैल घेऊन ये आन जुंप माज्या मोटंला."

खाजामियाँनी जोतं खाली ठेवलं. "पर आप्पा, सोमवारी? तुमच्या धावंवर? तुमचा नेम..."

"नेम माज्या बैलाचा हाय," म्हातारा खेकसला. "इहिरीचा न्हाई!"